माहिती खुली आहे. पण प्रश्न विचारता येतो का?

दीड दशकाहून अधिक काळाच्या खंडानंतर देशाची जनगणना होत आहे. केंद्र सरकारने १६ जून २०२५ रोजी तिची अधिसूचना काढली आणि देशाच्या बहुतांश भागासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरवली. घरयादीचा टप्पा आधी आणि प्रत्यक्ष शिरगणती त्यानंतर, असा हा कार्यक्रम आहे. या वेळची गणना कागदाऐवजी मोबाइलवर नोंदली जाणार असल्याने आकडे लवकर हाती येतील, अशी अपेक्षा आहे.

गोव्याला या आकड्यांची निकड इतरांपेक्षा थोडी अधिकच आहे. पाणी, कचरा, शाळा, दवाखाने यांचा कोणताही दरडोई हिशेब मांडायचा तर आजही २०११ ची १४ लाख ५८ हजार ५४५ ही लोकसंख्या किंवा तिच्यावरून बांधलेले अंदाज यांवरच भिस्त ठेवावी लागते. त्याच गणनेत राज्यातील सुमारे पाचव्या हिश्शाइतकी घरे रिकामी नोंदली गेली होती. ती कोणत्या गावांत वाढली, कोणत्या गावांत कमी झाली, आणि जेथे घरे रिकामी आहेत तेथेच नव्या वसाहतींसाठी जमिनीचे प्रस्ताव येत आहेत का, हे प्रश्न ग्रामसभांतून वारंवार उपस्थित होतात. त्यांची उत्तरे देण्याइतकी माहिती सरकारच्या निरनिराळ्या खात्यांकडे बहुतांशी आहे, आणि तिचा बराच भाग प्रसिद्धही होतो. तरीही उत्तर मिळत नाही. कारण आकडे प्रसिद्ध झाले म्हणजे माहिती खुली झाली, एवढ्यावरच सार्वजनिक चर्चा थांबते. ते कोणत्या रूपात प्रसिद्ध झाले आणि नागरिकाला त्यांना स्वतःचा प्रश्न विचारता येतो का, याकडे फारसे कोणी पाहत नाही.

पाहता येणे आणि विचारता येणे

जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्याचे उदाहरण घेण्याजोगे आहे. तालुका, गाव, सर्व्हे क्रमांक आणि उपविभाग भरला की उतारा संगणकाच्या पडद्यावर येतो. मामलेदार कचेरीच्या फेऱ्या वाचवणारी ही सोय निःसंशय मोलाची आहे. परंतु ती एका वेळी एका तुकड्याचे उत्तर देते. 'या गावात भातशेती म्हणून नोंदलेले एकूण क्षेत्र किती?' हा प्रश्न त्या खिडकीतून विचारता येत नाही. उत्तर त्याच नोंदींत दडलेले असते. पण ते काढायचे तर शेकडो उतारे एकेक करून उघडावे लागतील.

नगर व ग्रामनियोजन कायद्याखालील जमीन वापरबदलाचेही तेच. कलम १७(२) खाली प्रादेशिक आराखड्यात झालेले बदल राजपत्रात प्रसिद्ध होत असत. त्यासंबंधीचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. २०२४ मध्ये आलेल्या कलम ३९-अ खालील प्रस्तावांच्या सूचनाही राजपत्रातच येतात आणि हरकती नोंदवण्यासाठी ३० दिवसांचा अवधी असतो. सूचनेत गाव, सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ, सध्याचा विभाग आणि प्रस्तावित विभाग असा तपशील असतो. एखाद्या तक्त्याला आणखी काय हवे? पण हा तपशील येतो तो पीडीएफच्या पानांवर, एका अंकात काही प्रस्ताव आणि पुढच्या अंकात आणखी काही, असा विखरून. आपल्या तालुक्यात वर्षभरात एकूण किती चौरस मीटर बागायती जमीन वसाहत विभागात नेण्याचे प्रस्ताव आले, हे जाणून घेऊ पाहणाऱ्याला एकेक अंक उघडून आकडे हाताने टिपून काढावे लागतात. तोवर हरकतीचे ३० दिवस उलटून गेलेले असतात.

विधानसभेतील तारांकित आणि अतारांकित प्रश्नांची उत्तरे हा तर राज्याच्या कारभाराचा खजिना म्हणावा लागेल. त्यांच्या परिशिष्टांत खातेनिहाय, गावनिहाय, वर्षनिहाय तक्ते असतात. तेही पानांची चित्रे बनून पडून राहतात. माहिती उघड्यावर आहे, पण ती वाचण्यापुरती. तिची बेरीज करता येत नाही, क्रम लावता येत नाही आणि ती दुसऱ्या तक्त्याशी ताडूनही पाहता येत नाही.

प्रश्न विचारण्याची भाषा

तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी जगभर वापरली जाणारी भाषा म्हणजे एसक्यूएल, अर्थात स्ट्रक्चर्ड क्वेरी लँग्वेज. आयबीएम कंपनीतील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांच्या रूपात साठवण्याची कल्पना मांडली. त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये त्या तक्त्यांसाठी ही भाषा घडवली. १९८६ मध्ये ती अमेरिकेत प्रमाण ठरली. तंत्रज्ञानाच्या जगात अर्धशतक टिकलेल्या गोष्टी फार थोड्या; ही त्यांपैकी एक. बँकेचे खाते, रेल्वेचे आरक्षण, रेशनकार्डाची नोंद यांच्या मागे आजही बहुतेक ठिकाणी तीच काम करते.

तिचे बळ तिच्या साधेपणात आहे. एक ओळखीचे उदाहरण पाहावे. गोव्याच्या बाजारात येणारी भाजी मोठ्या प्रमाणात बेळगावहून येते. देशभरातील कृषी बाजारांचे रोजचे भाव केंद्र सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. त्यात राज्य, जिल्हा, बाजार, माल, वाण, तारीख आणि क्विंटलमागे किमान, कमाल व सर्वसाधारण दर असे रकाने असतात. बेळगावात टोमॅटोचा भाव कोणत्या महिन्यात चढतो, हे पाहायचे असेल तर प्रश्नाचे चार भाग पडतात. काय हवे? महिना आणि सर्वसाधारण दराची सरासरी. कोठून? बाजारभावाच्या तक्त्यातून. अट कोणती? बाजार बेळगावचा आणि माल टोमॅटो. गट कसे करायचे? महिन्यानुसार. इंग्रजीत याच चार भागांच्या आरंभी अनुक्रमे सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर आणि ग्रुप बाय हे शब्द येतात. लाखो ओळींच्या तक्त्यातून बारा ओळींचे उत्तर काही क्षणांत समोर येते. मग त्याच प्रश्नात टोमॅटोच्या जागी कांदा घातला की दुसरे उत्तर मिळते.

तथापि या भाषेची खरी ताकद दोन तक्त्यांच्या जोडणीत आहे. प्रत्येक खाते आपापल्या कामापुरती आकडेवारी ठेवते. जनगणना घरे मोजते, नगरनियोजन खाते जमिनीचे विभाग पाहते, वीज खाते जोडण्या मोजते, पाणीपुरवठ्याचा हिशेब आणखी कोणी ठेवते. नागरिकाचे प्रश्न मात्र खात्यांच्या सीमा मानत नाहीत. रिकामी घरे आणि वसाहतीचे प्रस्ताव यांचा संबंध काय, हा प्रश्न कोणत्याही एका खात्याच्या कामाचा नाही. म्हणून त्याचे उत्तर कोणत्याही एका अहवालात सापडणार नाही. दोन्ही तक्ते गावाच्या सामाईक रकान्याने जोडता आले, तरच ते निघेल. सरकारी अहवाल सरकारने ठरवलेल्या प्रश्नांची उत्तरे देतात. नागरिकाला स्वतःचा प्रश्न विचारायचा असेल, तर त्याच्या हाती मूळ तक्ता असावा लागतो.

दूरच्या सर्व्हरवर की स्वतःच्या संगणकावर?

असा तक्ता हाताळण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात माहिती सरकारच्या किंवा एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवरच राहते. प्रश्न तेथे पाठवायचा आणि उत्तर मागवायचे. दुसऱ्यात तक्त्याची प्रत स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्यायची आणि सारे प्रश्न तेथेच सोडवायचे. वरवर पाहता हा तांत्रिक सोयीचा विषय वाटतो. प्रत्यक्षात नियंत्रण कोणाच्या हाती राहते, याचाही तो विषय आहे.

दूरच्या सर्व्हरचे लाभ उघड आहेत. माहिती ताजी असते, साठवणुकीची चिंता नसते आणि अवाढव्य तक्तेही हाताळता येतात. परंतु कोणते प्रश्न विचारू द्यायचे, हे सर्व्हरचा मालक ठरवतो. केंद्राच्या खुल्या माहितीच्या व्यासपीठावर नोंदणी करून मिळणाऱ्या चावीने माहिती मागवता येते. राज्य किंवा जिल्हा निवडून ओळी गाळूनही घेता येतात. मात्र गट पाडून बेरीज-सरासरी काढणे किंवा दोन तक्ते जोडणे ही कामे माहिती उतरवून घेतल्यावर स्वतःलाच करावी लागतात. शिवाय दूरचा आकडा आज एक आणि सुधारणेनंतर दुसरा असू शकतो. सरकारने चुका दुरुस्त कराव्यात, हे योग्यच आहे. पण जुनी आवृत्ती जपलेली नसेल, तर गेल्या वर्षी केलेला हिशेब पुन्हा पडताळून पाहण्याची वाट बंद होते.

स्वतःच्या संगणकावरील प्रत या बाबतीत भरवशाची. प्रत केव्हा घेतली ती तारीख लिहून ठेवली, की तोच प्रश्न दहा वर्षांनी विचारला तरी तेच उत्तर येते आणि ते दुसऱ्या कोणालाही तपासता येते. उणीव एवढीच की, प्रत शिळी होते. यासाठी लागणारी साधनेही आता फुकट मिळतात. २००० साली आलेली एसक्यूलाइट ही प्रणाली सार्वजनिक मालकीची आहे आणि बहुतेक प्रत्येक मोबाइलमध्ये ती आधीपासूनच असते. ॲमस्टरडॅम येथील गणित व संगणकशास्त्राच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत जन्मलेली डकडीबी ही प्रणाली २०१९ पासून सर्वांना उपलब्ध आहे. तिने या दोन मार्गांमधील अंतरही कमी केले आहे. पार्के नावाच्या रकानेनिहाय साठवणुकीच्या पद्धतीत एखादी मोठी फाइल दूरच्या सर्व्हरवर ठेवलेली असली, तर डकडीबी तिचा केवळ हवा तो भाग मागवून घेते. संपूर्ण फाइल उतरवावी लागत नाही. सरकारने असा तक्ता नुसता एका ठिकाणी ठेवला, तरी पुरेसे असते. प्रश्नांसाठी वेगळी यंत्रणा उभारण्याचा खर्चही वाचतो.

साधनाची निवड ही किरकोळ बाब नव्हे, हे इंग्लंडने अनुभवले आहे. २०२० च्या शरद ऋतूत, कोरोनाची साथ वाढत असताना, तेथील आरोग्ययंत्रणेच्या दैनंदिन आकड्यांतून १५ हजार ८४१ रुग्ण गळाले. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये घेतली जात होती आणि त्या फाइलला ६५ हजार ५३६ ओळींची मर्यादा आहे. मर्यादेपलीकडच्या ओळी गुपचूप गळून गेल्या. रुग्णांना स्वतःचे अहवाल मिळाले, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध वेळेत सुरू झाला नाही. ज्या कामासाठी माहितीकोश हवा होता, ते काम हिशेबाच्या वहीवर सोपवल्याचा हा परिणाम होता.

लहान राज्याची सोय

या साऱ्यात गोव्यासारख्या राज्याला एक नैसर्गिक लाभ आहे. देशात सहा लाखांहून अधिक गावे. २०११ च्या गणनेनुसार गोव्यात ती ३३४. ग्रामपंचायती १९१. देशाच्या एखाद्या प्रचंड तक्त्यातून गोव्याच्या ओळी वेगळ्या काढल्या, तर त्या साध्या लॅपटॉपवर सहज मावतात. मोठ्या राज्यांना ज्यासाठी महागडी यंत्रणा लागेल, ते काम येथे महाविद्यालयातील एखादा विद्यार्थी किंवा पंचायतीचा एखादा जिज्ञासू सदस्य करू शकेल.

अडचण येते ती नावांची. येथील गावे रोमन लिपीत पोर्तुगीज वळणाने लिहिली जातात आणि देवनागरीत उच्चाराप्रमाणे. डिचोलीचे रोमन रूप 'बिशोलिम'सारखे, केप्याचे 'क्वेपेम'सारखे, साखळीचे 'सांक्वेलिम'सारखे. एका खात्याने एक रूप वापरले आणि दुसऱ्याने दुसरे, की माणसाला ओळखू येणारे गाव संगणकाला परके होते. जोडणीत ते गाव निमूटपणे गळून जाते आणि उत्तर चुकल्याची सूचनाही मिळत नाही. बेळगावचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून 'बेळगावी' झाले. जुन्या आणि नव्या अशा दोन्ही रूपांचा विचार न करता भाव शोधले, तर अर्धाच इतिहास हाती लागण्याचा धोका आहे.

सीमाही बदलतात. २०११ च्या गणनेत फोंडा तालुका उत्तर गोव्यात मोजला गेला. जानेवारी २०१५ मध्ये तो दक्षिण गोव्यात गेला. त्यामुळे २०११ चा 'दक्षिण गोवा' आणि त्यानंतरचा 'दक्षिण गोवा' यांची सरळ तुलना करणाऱ्याला दक्षिणेत अचानक लोकसंख्या वाढल्याचा आभास होईल. तेव्हाच्या जनगणनेच्या तक्त्यांत धारबांदोडा हा स्वतंत्र तालुका सापडणार नाही. त्याहून फसवी बाब जनगणनेच्या वर्गवारीत आहे. कळंगुट आणि कांदोळी येथे पंचायती आहेत, पण २०११ च्या गणनेत त्यांची नोंद 'जनगणना शहरे' म्हणून आहे. केवळ गावांच्या तक्त्याला प्रश्न विचारणाऱ्याला किनाऱ्यावरची ही सर्वाधिक गजबजलेली ठिकाणे दिसणारच नाहीत आणि राज्यातील 'गावां'विषयीचा त्याचा निष्कर्ष लंगडा ठरेल.

यावर उपाय आहे आणि तो नवाही नाही. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला, तालुक्याला आणि पंचायतीला एक क्रमांक दिलेला आहे. प्रत्येक खात्याने आपल्या तक्त्यात नावाशेजारी तो क्रमांक लिहिला, तर नावाची रूपे कितीही असोत, तक्ते जुळतील. एका जादा रकान्याचा हा खर्च आहे.

न्यूयॉर्कच्या पोलिसांना मिळालेले उत्तर

नागरिकाने तक्त्याला प्रश्न विचारल्याने काय साधते, याचे उदाहरण न्यूयॉर्कने घालून दिले आहे. त्या शहराने २०१२ मध्ये खुल्या माहितीचा कायदा केला आणि खात्यांना आपले तक्ते संगणकाला वाचता येतील अशा रूपात प्रसिद्ध करण्यास बांधून घेतले. वाहनचालकांना झालेल्या दंडाच्या लाखो पावत्यांचा तक्ताही त्यात आला. बेन वेलिंग्टन या संख्याशास्त्राच्या अभ्यासकाने त्या तक्त्यात एक साधी गोष्ट शोधली: एकाच जागी वारंवार दंड कोठे होतो?

उत्तरातून एक विसंगती पुढे आली. पदपथाचा उतार जेथे आहे, पण रस्ता ओलांडण्याचे पट्टे आखलेले नाहीत, अशा काही जागी गाडी उभी करण्यास काही वर्षांपूर्वीच्या नियमबदलाने मुभा मिळाली होती. पोलीस मात्र जुन्याच नियमाने दंड करत राहिले. या चुकीच्या दंडांची रक्कम वर्षाला सुमारे १७ लाख डॉलर असावी, असा हिशेब त्यांनी २०१६ मध्ये मांडला. विशेष म्हणजे पोलीस खात्याने तो नाकारला नाही. काही अधिकाऱ्यांना बदललेला नियम नीट ठाऊक नसल्याचे मान्य करून त्यांना तशी समज देण्यात आली. कोणताही मोर्चा निघाला नाही, कोणावर आरोप झाले नाहीत. खात्याच्याच आकड्यांनी खात्याची चूक दाखवून दिली आणि खात्याने ती सुधारली. दंड झालेला प्रत्येक चालक स्वतंत्रपणे तक्रार करत राहिला असता, तर ही साखळी कधीच दिसली नसती. सगळ्या पावत्या एका तक्त्यात आल्या म्हणून ती दिसली.

सापळे आणि मर्यादा

त्याच शहराने दुसरा धडाही दिला. २०१४ मध्ये तेथील टॅक्सींच्या १७ कोटींहून अधिक फेऱ्यांची माहिती माहिती-अधिकाराच्या अर्जावर देण्यात आली. चालकांची ओळख लपवण्यासाठी परवाना क्रमांकांचे सांकेतिक रूप केलेले होते. पण संभाव्य क्रमांकांची संख्या मर्यादित असल्याने ते संकेत अल्पावधीतच उलगडले गेले. कोणता चालक केव्हा कोठे होता, हे कळू शकेल अशी स्थिती निर्माण झाली. लहान राज्यात हा धोका अधिक गडद आहे. काहीशे वस्तीच्या गावात वय, व्यवसाय आणि शिक्षण एवढे तीन रकाने दिले, तरी नाव न देताही माणूस ओळखू येतो. म्हणून एक-चौदाच्या उताऱ्यांचा गावनिहाय तक्ता प्रसिद्ध करायचा तर त्यात सर्व्हे क्रमांक, क्षेत्र आणि वापर असावा. कब्जेदार आणि कुळांची नावे घाऊक स्वरूपात देण्याचे कारण नाही. दुसऱ्या बाजूने, खासगीपणाची ढाल पुढे करून सार्वजनिक निर्णयांची माहिती रोखली जाण्याची भीतीही खरी आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्यातील वैयक्तिक माहितीविषयीच्या तरतुदीत केलेल्या बदलावर याच कारणासाठी टीका झाली आहे.

आकड्यांचा अर्थ लावण्यातही चुका संभवतात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची कुटुंबवार माहिती संशोधकांसाठी उपलब्ध असते. पण त्यातील प्रत्येक ओळ सारख्या वजनाची नसते. एक ओळ काहीशे कुटुंबांची प्रतिनिधी असेल, तर दुसरी काही हजारांची. ते भारांक विसरून नुसत्या ओळी मोजल्या, तर एसक्यूएल अचूक बेरीज करून चुकीचे उत्तर देईल. गोव्यातून निवडलेली कुटुंबे मुळातच थोडी. त्यांना तालुक्यांत, मग वयोगटांत विभागत गेले, की प्रत्येक खान्यात मूठभर ओळी उरतात आणि त्यांवरून काढलेली टक्केवारी विश्वासार्ह राहत नाही. बाजारभावाच्या ज्या तक्त्यात आवक दिलेली नसते, तेथे भावांची सरासरी काढताना दहा क्विंटल आवकेचा दिवस आणि हजार क्विंटल आवकेचा दिवस सारखेच मोजले जातात. 'रिकामे घर' या रकान्याचेही तसेच. जनगणनेच्या व्याख्येनुसार रिकामे असलेले प्रत्येक घर सुट्टीपुरते घेतलेले दुसरे घर नसते. काही नुकतीच बांधून झालेली, काही वारसांच्या वादात अडकलेली असतात. म्हणून तक्त्यासोबत प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारी टिपण तितकीच आवश्यक ठरते.

कायद्यात सोय आहे

या दिशेने जाण्यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. माहितीच्या अधिकारात गोवा देशाच्या पुढे होता. केंद्राचा कायदा २००५ मध्ये आला, तर गोव्याने आपला कायदा १९९७ मध्येच केला होता. केंद्रीय कायद्याच्या कलम ४ मध्ये नोंदींची सूची करणे, त्यांचे संगणकीकरण करणे आणि त्या आपणहून प्रसिद्ध करणे यांचा समावेश आहे. कलम २ मधील माहिती अधिकाराच्या व्याख्येत, माहिती संगणकात साठवलेली असेल तर ती इलेक्ट्रॉनिक रूपात मिळण्याचा हक्क अंतर्भूत आहे. कलम ७(९) सांगते की, साधनसामग्रीवर अवाजवी ताण पडत नसेल तर माहिती सामान्यतः ज्या रूपात मागितली त्याच रूपात द्यावी. म्हणजे अर्जदाराने 'माहिती मिळावी' एवढेच न लिहिता ती संगणकीय तक्त्याच्या, सीएसव्हीच्या रूपात मिळावी असे स्पष्ट लिहिले, तर त्याला कायद्याचा आधार आहे. २०१२ च्या राष्ट्रीय माहिती देवाणघेवाण धोरणानेही सरकारी माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात खुली करण्याचे तत्त्व स्वीकारले. २०१७ मध्ये तिच्या पुनर्वापराचा परवानाही ठरवून देण्यात आला.

उरतो प्रश्न प्रशासकीय सवयीचा. राजपत्रातील सूचना तयार होते ती संगणकावर, तक्त्याच्याच रूपात. प्रसिद्धीच्या वेळी ती पीडीएफ होते. विधानसभेतील उत्तरांची परिशिष्टेही तशीच. पीडीएफच्या शेजारी मूळ तक्ताही ठेवावा, त्यात स्थानिक शासन निर्देशिकेचा क्रमांक असावा, प्रत्येक आवृत्तीवर तारीख असावी आणि जुन्या आवृत्त्या पुसल्या जाऊ नयेत, एवढ्या चार गोष्टी पाळल्या तर राज्याचा बराच कारभार प्रश्न विचारण्याजोगा होईल. पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाने पुस्तकांप्रमाणे या तक्त्यांच्याही प्रती जपल्या, तर खात्याचे संकेतस्थळ बदलले किंवा बंद पडले तरी राज्याची आकडेवारी हरवणार नाही. गोवा विद्यापीठाला आणि महाविद्यालयांना विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी यासारखे दुसरे साहित्य शोधूनही मिळणार नाही. संगणकशास्त्राचे विद्यार्थी एसक्यूएल शिकतातच. त्यांनी पाठ्यपुस्तकातील काल्पनिक कर्मचाऱ्यांच्या पगाराऐवजी आपल्या पंचायतीच्या तक्त्यावर ती गिरवावी.

जनगणनेचे आकडे येतील तेव्हा त्यांवर अनेक भाषणे होतील. लोकसंख्या, स्थलांतर, घरे, भाषा या प्रत्येक विषयावर आपल्या सोयीचा आकडा पुढे केला जाईल. अशा वेळी ग्रामसभेत बसलेल्या माणसाकडे मूळ तक्ता आणि त्याला प्रश्न विचारण्याचे साधन असेल, तर तो आकडा कोठून आला आणि त्यातून काय वगळले गेले, हे त्याला त्याच संध्याकाळी पाहता येईल. कलम ३९-अ खालील पुढची सूचना राजपत्रात येईल, तेव्हा हरकतीच्या मुदतीत गावाला स्वतःचा हिशेब मांडता येतो की नाही, यावरून राज्यातील माहिती किती खुली आहे ते ठरेल.